पिता, पुत्र, पवित्र आत्मा आणि ‘फक्त येशू’: १८०० वर्षांच्या वादाची पार्श्वभूमी

सोलापुरातल्या मराठी मंडळ्यांमध्ये हल्ली एक प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतो: माझा बाप्तिस्मा खरा आहे का? विचारणारी मुलंमुली बहुतेक जुन्या मिशनच्या घरांतली असतात. लहानपणी बाप्तिस्मा झालेला, पुढे दृढीकरण घेतलेलं, नाताळच्या नाटकात मेंढपाळ झालेली. मग कुणीतरी त्यांना सांगतं की ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा’ या शब्दांनी झालेला बाप्तिस्मा देव धरतच नाही. फक्त येशूच्या नावाने पुन्हा पाण्यात उतरा, नाहीतर तारण नाही. हे सांगणारा कधी घरगुती प्रार्थना सभेत भेटतो, पण जास्त करून मोबाईलवर. पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलली जाते, त्यामुळे आंध्र-तेलंगणातली प्रवचनं इथे भाषांतराशिवाय पोचतात. हिंदी तर सगळ्यांनाच येते.

‘वननेस’ (देवाचं निखळ एकपण) किंवा ‘फक्त येशू’ या नावाने ओळखली जाणारी ही शिकवण नेमकी काय आहे, हे तिच्या माणसांना मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडायला हवं. देव एकच आहे, आणि त्या एका देवाचं नाव येशू. सृष्टी निर्माण करताना तो पिता, देह धारण करून तारण करताना तो पुत्र, आणि माणसाच्या अंतःकरणात काम करताना तो पवित्र आत्मा. हे तीन कुणी एकमेकांपासून वेगळे नाहीत, एकाच देवाने स्वतःला प्रकट करण्याचे ते प्रकार आहेत. पुत्रपण बेथलेहेमात सुरू झालं, त्याआधी ‘पुत्र’ असा कुणी नव्हता. आधाराला ते परमेश्वर एकच आहे असं सांगणारं अनुवाद ६:४ घेतात, यशया ९:६ मधलं ‘सनातन पिता’ घेतात, आणि योहानातली ‘मी आणि पिता एक आहोत’ व ‘ज्याने मला पाहिले आहे त्याने पित्याला पाहिले आहे’ ही वचनं घेतात. बाप्तिस्म्यासाठी प्रेषितांची कृत्ये २:३८, जिथे पेत्र येशू ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घ्यायला सांगतो. या माणसांचं येशूवर प्रेम नाही असं मी कधीच म्हणणार नाही. देवाचं एकपण जपण्याची त्यांची तळमळ खरी आहे. पण त्या तळमळीपोटी शुभवर्तमानाचा गाभाच हातातून निसटतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे ही शिकवण पटकन रुजते, त्याला कारण आहे. ज्या जिल्ह्यात एका बाजूला पंढरपूर आणि दुसऱ्या बाजूला अक्कलकोट आहे, गाणगापूरला जाणारी दत्तभक्तांची रीघ जिथून जाते, तिथे ‘एकच देव, रूपं अनेक’ हे वाक्य कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शेजारचा मुसलमान मित्र सहज विचारतो, तुमचे तीन देव का? आणि ख्रिस्ती तरुण त्या प्रश्नातून सुटण्यासाठी घाईने म्हणतो, ‘छे, देव एकच, रूपं तीन.’ तो बचाव करायला जातो त्रैक्याचा, म्हणजे देव एक पण व्यक्ती तीन या विश्वासाचा, आणि बोलून जातो नेमकं वननेसवाल्यांचं.

यात आपल्या मंडळ्यांचाही वाटा आहे. उन्हाळी सुटीतल्या बायबल शाळेत मी एकदा पाहिलं, फळ्यावर तीन चित्रं काढलेली होती: पाण्याचा पेला, बर्फाचा खडा आणि वाफ सोडणारी किटली. शिकवणाऱ्या ताई मनापासून सांगत होत्या की पाणी एकच, अवस्था तीन, तसाच देव. मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, ‘मग गेथशेमानेत येशू प्रार्थना करत होता, तेव्हा तो स्वतःशीच बोलत होता का?’ ताई गप्प झाल्या. या मुलीचा प्रश्न आणि सुरुवातीच्या मंडळीचा प्रश्न एकच आहे. फरक इतकाच की मंडळीने त्यावर दोन शतकं घासाघीस केली.

रोममध्ये इ.स. २०० च्या आसपास प्राक्सियस नावाचा एक शिक्षक शिकवू लागला की पिताच कुमारीच्या उदरी आला, पित्यानेच दुःख सोसलं. त्याच सुमारास स्मुर्णा इथल्या नोएतसचंही म्हणणं तेच होतं. कार्थेजच्या तर्तुलियनने साधारण २१३ साली प्राक्सियसविरुद्ध पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की या माणसाने रोममध्ये सैतानाची दोन कामं केली: पवित्र आत्म्याला पळवून लावलं आणि पित्याला वधस्तंभावर खिळलं. एक सत्त्व, तीन व्यक्ती, ही मांडणी त्याच पुस्तकात ठळकपणे येते. त्यातलीच एक कबुली मला महत्त्वाची वाटते. तर्तुलियन मोकळेपणाने लिहितो की साधे विश्वासणारे, आणि संख्येने तेच नेहमी जास्त, ही शिकवण ऐकून दचकतात; अनेक देव सोडून ते एका देवाकडे आलेले असतात, आणि आता पुन्हा दोन-तीन देव सांगताहेत की काय, अशी त्यांना भीती वाटते. सोलापुरातल्या कितीतरी घरांत आजही हीच भीती आहे. तिची टिंगल करून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या पेंटेकॉस्टल, म्हणजे आत्म्याची दानं आणि अन्य भाषा बोलणं यांवर भर देणाऱ्या, बंधुभगिनींनी जरूर ध्यानात घ्यावी. हे पुस्तक लिहिताना तर्तुलियन स्वतः संदेश, दर्शनं आणि आत्म्याची दानं यांवर भर देणाऱ्या माँटॅनिस्ट चळवळीकडे वळलेला होता. म्हणजे त्रैक्याची ही पहिली मोठी बाजू कुणा कोरड्या पंडिताने मांडलेली नाही. आत्म्याने भरलेल्या उपासनेची ओढ असलेल्या माणसाने ती मांडली.

पुढे सबेल्लियसचं नाव या मताला कायमचं चिकटलं. रोमचा बिशप कॅलिस्टस याने २२० च्या सुमारास त्याला मंडळीबाहेर काढलं. हा सगळा काळ नीट पाहिला की ‘त्रैक्य हे सम्राट कॉन्स्टंटाइनने निकियात घुसडलं’ हा दावा उभाच राहत नाही. निकियातली बिशपांची परिषद ३२५ सालची, तर्तुलियनचं पुस्तक त्याच्या शंभर वर्षं आधीचं. शिवाय निकियात भांडण होतं ते अरियसशी, आणि त्याचं म्हणणं वननेसच्या अगदी उलट टोकाचं होतं: पुत्र हा निर्माण केलेला आहे, एके काळी तो नव्हता. परिषदेने सांगितलं की पुत्र पित्याशी एकसत्त्व आहे. मग काहींना शंका आली की हे पुन्हा सबेल्लियसकडे तर जात नाही ना. ती शंका मिटवायला कप्पदुकियातले तिघे, थोरला बासिल, नाझियांझसचा ग्रेगरी आणि निस्साचा ग्रेगरी, यांनी हयात घालवली. ३८१ च्या कॉन्स्टॅन्टिनोपल परिषदेनंतर मांडणी पक्की झाली: सत्त्व एक, व्यक्ती तीन. एका बाजूला अरियस, दुसऱ्या बाजूला सबेल्लियस. मंडळीने दोन्ही दारं बंद केली, कारण दोन्हीकडे शुभवर्तमानातला येशू हरवत होता.

मधली हजारेक वर्षं इथे ओलांडतो. एक डाग मात्र लपवून चालणार नाही. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हात मायकेल सर्व्हेटसला त्रैक्य नाकारल्याबद्दल जिवंत जाळण्यात आलं. वननेसचे लोक त्याचं नाव घेतात आणि तो त्यांचा हक्क आहे. सत्याची बाजू घेणाऱ्यांनी केलेलं ते पाप होतं.

आता आपल्या घराजवळचा इतिहास. सोलापुरात एकोणिसाव्या शतकाच्या साठीच्या दशकात काम सुरू करणारं अमेरिकन मराठी मिशन हे बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचं मिशन. हे बोर्ड १८१० साली जन्मलं तेच त्रैक्याच्या भांडणात होरपळलेल्या न्यू इंग्लंडमध्ये. तिथल्या कितीतरी काँग्रिगेशनल मंडळ्या येशूचं देवत्व नाकारणाऱ्या युनिटेरियन मताकडे झुकल्या होत्या. १८०५ साली हार्वर्डमध्ये ईश्वरविज्ञानाच्या अध्यासनावर त्या विचाराचा माणूस नेमला गेला, तेव्हा जुन्या विश्वासाच्या लोकांनी अँडोव्हरला वेगळी सेमिनरी काढली. १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे त्याच अँडोव्हरचे. म्हणजे आपल्या आजीआजोबांना ज्यांनी पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा दिला, त्यांच्या मिशनने या शब्दांची किंमत आधीच मोजलेली होती. आपल्या मंडळ्यांमध्ये हे कुणी सांगत नाही याची मला खंत वाटते.

आणि हा प्रश्न मराठी माणसाने फक्त ऐकून घेतला असंही नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला झाला, आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं त्या त्रैक्याशी झुंजत होत्या. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील आणि सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. मतांगीकारात (मंडळीच्या ठरलेल्या विश्वासाच्या कबुलीत) लिहिलंय म्हणून मान खाली घालायला रमाबाई तयार नव्हत्या. शास्त्रात दाखवा, असा त्यांचा आग्रह. ज्यांना आज शंका येते त्यांना बंडखोर ठरवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ही पत्रं जरूर वाचावीत. त्याच रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावला, जून १९०५ मध्ये मोठं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं. मुली तासन्‌तास रडत, प्रार्थना करत. पेंटेकॉस्टल चळवळीची सुरुवात म्हणून जे सांगितलं जातं ते लॉस एंजलिसच्या अझुसा स्ट्रीटचं संजीवन एप्रिल १९०६ चं, म्हणजे केडगावनंतरचं. पवित्र आत्म्याचा तो वर्षाव आपल्या भागात झाला तेव्हा ‘फक्त येशू’ हा वाद जगात सुरूही झालेला नव्हता.

तो सुरू झाला १९१३ च्या एप्रिलात, लॉस एंजलिसजवळच्या अरोयो सेको इथल्या शिबिरात. आर. ई. मॅकॅलिस्टर यांनी बाप्तिस्म्यावर बोलताना म्हटलं की प्रेषितांनी येशूच्या नावाने बाप्तिस्मा दिला. जॉन शेपे नावाच्या एकाने रात्रभर प्रार्थना केली आणि पहाटे येशूच्या नावाचं सामर्थ्य आपल्याला उमगलं असं ओरडत तो शिबिरभर धावला. फ्रँक युअर्ट यांनी वर्षभर त्यावर विचार केला, आणि १५ एप्रिल १९१४ रोजी त्यांनी व ग्लेन कुक यांनी एकमेकांना येशूच्या नावाने पुन्हा बाप्तिस्मा दिला. बाप्तिस्म्याच्या शब्दांपासून सुरू झालेली गोष्ट लवकरच देवाच्या स्वरूपाकडे गेली: नाव एकच असेल तर व्यक्तीही एकच. ऑक्टोबर १९१६ मध्ये सेंट लुइसला असेम्ब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल संघटनेने त्रैक्याच्या बाजूने मतप्रणाली मंजूर केली आणि दीडशेहून अधिक सेवक बाहेर पडले. १९४५ साली वननेसचे दोन गट एकत्र येऊन युनायटेड पेंटेकॉस्टल चर्च उभं राहिलं. दुसऱ्या वाटेने येशूच्या नावाचा बाप्तिस्मा सांगणारे विल्यम ब्रॅनहॅम १९५४ साली मुंबईत येऊन गेले. त्यांच्या संदेशाला मानणारे गट आजही भारतात आहेत.

थोडक्यात, पेंटेकॉस्टल चळवळीतल्या बहुसंख्य मंडळ्यांनीच ही शिकवण पहिल्यांदा नाकारली. अन्य भाषा बोलणं आणि वननेस एकच, असा समज इथे दोन्ही बाजूंना आहे. तो चुकीचा आहे.

आता मूळ मुद्दा, बायबल शाळेतल्या त्या मुलीचा: येशू प्रार्थना कुणाशी करत होता? यार्देन नदीत पुत्र पाण्यातून वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो, स्वर्गातून पिता बोलतो. तिघे एकाच क्षणी. वननेसचं उत्तर असं की देव सर्वव्यापी आहे, एकाच वेळी तीन प्रकारे प्रकट होऊ शकतो. आणि येशूची प्रार्थना म्हणजे त्याच्या मानवी स्वभावाने देवत्वाकडे केलेली प्रार्थना. हे उत्तर योहान १७ समोर टिकत नाही. तिथे येशू पित्याला म्हणतो की जग होण्यापूर्वी तुझ्याजवळ माझं जे गौरव होतं ते मला दे. आणि पुढे, जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. जगाच्या स्थापनेपूर्वी मानवी देह नव्हता. मग प्रीती कुणी कुणावर केली? प्रीती करणारा आणि जिच्यावर प्रीती झाली ती व्यक्ती, हे नातं बेथलेहेमच्या आधीचं आहे. ‘देव प्रीती आहे’ हे वाक्य सृष्टीच्या आधीही खरं असेल, तर ते याच नात्यामुळे. आणि वरच्या खोलीत येशू ‘दुसरा कैवारी’, म्हणजे पवित्र आत्मा, पाठवायला पित्याला विनंती करतो. विनंती करणारा, ज्याला केली तो, आणि जो येणार तो, या तिघांना एकाच व्यक्तीच्या तीन भूमिका म्हटलं तर तो सगळा संवाद शिष्यांसमोर केलेला देखावा ठरतो. येशू आपल्या शिष्यांना फसवणारा नव्हता.

अनुवाद ६:४ आम्हीही मानतो, अक्षरशः. पौल १ करिंथ ८:६ मध्ये तेच एकपण उच्चारतो आणि त्यातच एक देव जो पिता व एक प्रभू येशू ख्रिस्त अशी दोन नावं एकत्र ठेवतो. दर रविवारी उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब हात वर करून प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती आणि पवित्र आत्म्याची सहभागिता असा जो आशीर्वाद देतात, तो निकियाचा नाही. तो पौलाच्या पत्रातला आहे, निकियाच्या पावणेतीनशे वर्षं आधीचा.

राहिला बाप्तिस्मा. प्रेषितांची कृत्ये ‘येशूच्या नावाने’ म्हणतात, मत्तय २८:१९ तिघांचं नाव घेतं. सुरुवातीच्या मंडळीला यात विरोध दिसला नाही, याचा पुरावा दिदाखे या फार जुन्या पुस्तिकेत आहे. तिच्या सातव्या प्रकरणात पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्यायला सांगितलंय, आणि नवव्या प्रकरणात त्याच बाप्तिस्म्याला ‘प्रभूच्या नावाने’ झालेला म्हटलंय. दुसऱ्या शतकाच्या मध्याला रोममध्ये जस्टिन मार्टरही बाप्तिस्म्याचं वर्णन तिघांच्याच नावाने करतो. वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. तिच्यात लहान मुलांचा बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणी देणारे दोघेही आले, पण एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नाही यावर ती ठाम राहिली. म्हणून प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला माझं सांगणं एवढंच असतं: तुमचा बाप्तिस्मा खरा आहे, पुन्हा घ्यायची गरज नाही. ‘रूपं तीन’ म्हणणं सोडा, आणि योहानाचा सतरावा अध्याय घरी मोठ्याने वाचा.