एवढ्या लाटा, तरी तळाशी हवा नाही

"दर्या एवढा खवळतो, एवढा फेस उडतो, मग पावसाळ्यात पाण्यात हवा कमी पडेलच कशी?" गोव्यात समुद्राविषयी चार माणसांत बोलायला बसलं की हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर समोरच्याला पेचात पकडल्याचा आनंद असतो. प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र उलटं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून दहा-अकरा किलोमीटरवर, जेमतेम २५-३० मीटर खोलीला तळाशी माशाला जगता येईल एवढा ऑक्सिजन उरत नाही. काही वर्षी तर मुळीच उरत नाही.

मुळात पाण्यात ऑक्सिजन मावतोच थोडा. एक लिटर हवेत तो सुमारे २१० मिलिलिटर असतो. आपल्याकडच्या कोमट, खाऱ्या पाण्यात हवा पुरेपूर मुरली तरी लिटरमागे साडेचार मिलिलिटरच्या आसपास. मासा या तुटपुंज्या शिध्यावर जगतो, त्यामुळे त्यात थोडी घट झाली तरी त्याचा जीव कासावीस होतो.

हे मोजतात कसं, तेही पाहण्यासारखं आहे. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक १९९७ पासून कांदोळीच्या त्या ठिकाणी वर्षाच्या वेगवेगळ्या ऋतूंत पाण्याचे नमुने घेत आले आहेत. तळाजवळून वर आणलेलं पाणी रबरी नळीने काचेच्या छोट्या बाटलीत सोडतात. नळीचं टोक बाटलीच्या बुडाला टेकवायचं, पाणी ओतू जाऊ द्यायचं आणि एकही बुडबुडा आत शिरू द्यायचा नाही. वरची हवा मिसळली की नमुना वाया गेला. मग मँगनीज क्लोराइड आणि आयोडाइड घातलेला अल्कली यांचे थोडे थोडे थेंब टाकून बूच लावायचं आणि बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो. एरवी तो चांगला गडद असतो. पावसाळ्याच्या अखेरीस तळाच्या पाण्यात तो फिकट होत जातो आणि ऑक्सिजन संपलेला असेल तर पांढराच राहतो. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये काढलेली ही रीत आजही चालते, महागडी यंत्रं तपासायलाही हीच वापरतात. काही वेळा मात्र बाटलीपर्यंत जावंच लागत नाही, नमुन्याच्या नळकांड्याची तोटी उघडताच सडक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. १९९९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्यासमोर तो सापडला, आणि पुढच्या वर्षी सय्यद वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला.

आता माझा आवडता भाग. हे पाणी येतं कुठून?

अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीच्या पट्ट्यात वर्षभर ऑक्सिजनचा दुष्काळ असतो. जूनपासून पश्चिम किनाऱ्यावर वरच्या थराचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो, वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि त्याची जागा घ्यायला खालचं गार, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी उथळ भागात चढतं. वारा याला कारण आहे हे खरं, पण फक्त आपल्या किनाऱ्यावरचा वारा नव्हे. बंगालच्या उपसागरात किंवा कन्याकुमारीच्या टोकाशी वाऱ्याने पाणी ढकललं की गार आणि कोमट थरांच्या मधली सीमा वरखाली होते, आणि तो हेलकावा किनाऱ्याला चिकटून प्रवासाला निघतो. याला केल्विन लाट म्हणतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात ही लाट किनारा सतत उजव्या बाजूला ठेवून जाते, अंधारात उजवा हात भिंतीला लावून चालणाऱ्या माणसासारखी. म्हणजे आंध्र-तमिळनाडूचा किनारा उतरायचा, श्रीलंकेला वळसा घालायचा आणि केरळ, कर्नाटक करत गोव्याकडे चढायचं. वेग सेकंदाला दोन-अडीच मीटर, दिवसाला २०० किलोमीटरच्या घरात. आंध्रच्या किनाऱ्यावर झालेली गडबड आपल्याकडे पोचायला दोन-तीन आठवडे पुरतात. सतीश शेट्ये, डी. शंकर आदी दोनापावलच्याच मंडळींनी हे गणित उलगडण्यात मोठं काम केलं आहे.

ही लाट मिरामारच्या किनाऱ्यावर उभं राहून दिसणार नाही. पृष्ठभागावर तिची उंची काही सेंटिमीटर, पण आतली सीमा मात्र दहा-वीस मीटरनेही हलते. कारण वरच्या आणि खालच्या पाण्याच्या घनतेत फरक अगदी थोडा, त्यामुळे ती सीमा उचलायला फारसं बळ लागत नाही. पृष्ठभाग आणि ही सीमा उलट्या दिशांना सरकतात, वरची पातळी किंचित उतरली की खालचं गार पाणी भरपूर वर येतं. म्हणूनच गोव्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही पावसाळ्याच्या शेवटी मुरगावला समुद्राची सरासरी पातळी डिसेंबरपेक्षा कमी असते. पाऊस पडला की समुद्र चढणार, असं आपण धरून चालतो. इथे तो उतरतो.

एवढ्यावर भागलं असतं. पण मांडवी, जुवारी आणि थेट आभाळातून आलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर काही मीटर जाडीचा हलका थर धरतं. लाटा घुसळतात तो हाच थर. हवा त्यात मुरते आणि तिथेच थांबते. गार पाण्याबरोबर नायट्रेट वगैरे खतं वर आलेली असतात, त्यावर प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची, पैदास होते. तारले आणि बांगडे त्यावरच पोसतात, म्हणजे आपल्या ताटातलं हुमण, माशांची आमटी, बऱ्याच अंशी या गार पाण्याच्या कृपेने. न खाल्लेली प्लवकं मरून खाली पडतात, जिवाणू ती कुजवतात आणि उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. मग ते नायट्रेटमधल्या ऑक्सिजनकडे वळतात. त्यातून नायट्रस ऑक्साइड निघतो, जो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट उष्णता अडवतो. नायट्रेटही संपलं की सल्फेट, आणि तिथून तो सडका वास.

पोहता येतं ते मासे उथळात किंवा वरच्या थरात सरकतात. लेपे, कुर्ल्या यांच्यासारखी तळाला धरून राहणारी जनावरं पेचात सापडतात. कार्ल बान्से यांनी १९५९ मध्येच कोचीकडच्या अभ्यासातून लिहून ठेवलंय की हे पाणी आलं की तळाचे मासे तिथून हलतात आणि ट्रॉलरचं जाळं रिकामं येतं. त्यामुळे मेलेल्या माशांचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरला की लगेच 'कुणीतरी विष सोडलं' म्हणू नये. सोडलेलं असूही शकतं, पण आधी ऑक्सिजन मोजावा. 'अरबी समुद्र मरतोय' छापाचे मथळेही तितकेच उथळ. पश्चिम किनाऱ्यावरचा हा पट्टा सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे गोव्याच्या पन्नासपट, आणि तो दरवर्षी येतो, दरवर्षी जातो. शेतातली खतं वाहून आल्याने तो तीव्र होतोय का, यावर अजून वाद आहे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायला माझी हरकत नाही. फक्त त्यानंतर दर्या शांत झाला म्हणून खालीही सगळं आलबेल आहे, असं समजू नये. वारा पडल्यावर तर घुसळणही कमी होते.

दरवर्षी हे सारखं का नसतं, याचंही उत्तर त्या केल्विन लाटेकडे आहे. हिंदी महासागरातला द्विध्रुव धन असतो, म्हणजे सुमात्राकडचं पाणी नेहमीपेक्षा गार आणि आफ्रिकेकडचं गरम, तेव्हा वारे बदलतात आणि आपल्या किनाऱ्यावर येणारी लाट सीमा वर उचलण्याऐवजी खाली दाबते. अशा वर्षी तळाचा ऑक्सिजन पुरता संपत नाही, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. द्विध्रुवाचा अंदाज काही महिने आधी बांधता येतो, मग मालीमच्या जेटीवरच्या ट्रॉलरवाल्यांना तळाची आगाऊ खबर देता येणार नाही का?

इथे गाडं अडतं. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती पुरवणाऱ्या सरकारी केंद्राकडून मच्छीमारांना मासे कुठे मिळतील याचे सल्ले मिळतात, पण ते उपग्रहाने टिपलेल्या तापमानावर आणि पाण्याच्या रंगावर बांधलेले असतात, आणि उपग्रहाला दिसतो तो पृष्ठभाग. तळाचा ऑक्सिजन रोज कळायचा तर यंत्र तळाशीच ठेवायला हवं. कोमट समुद्रात ठेवलेल्या यंत्रावर थोड्याच दिवसांत शेवाळ आणि शिंपले चढतात आणि आकडे बिघडतात. ते खरवडायला होडी न्यावी लागते, आणि गरज असते नेमकी जून ते सप्टेंबरमध्ये, जेव्हा होडी बाहेर काढणंच जिकिरीचं.