मणक्याचा टीबी आणि मणक्याचा हायडॅटिड: सुई घालण्याआधी एवढं पाहा

माण, खटाव, आटपाडी, जत या मेंढ्यांच्या पट्ट्यातला पेशंट. महिनोन्‌महिने पाठदुखी, आता पाय लटपटतात. एमआरआयमध्ये छातीच्या भागातला मणका खाल्लेला आणि शेजारी पाणी भरलेल्या पिशव्या. रिपोर्टवर ‘कोल्ड अ‍ॅब्सेस, टीबीची शक्यता’ (म्हणजे टीबीच्या पुवाची गाठ) असं येतं आणि त्याच दिवशी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होतात. आपल्याकडे टीबी इतका आहे की अंदाज बहुतेकदा बरोबरच ठरतो. जो पेशंट या अंदाजात बसत नाही, त्याचे मात्र फार हाल होतात.

टीबीबद्दल नव्याने सांगायला नको. दोन मणक्यांमधली चकती लवकर झिजते, पू स्नायूंमधून खाली उतरतो, औषध किमान 12 महिने. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. मज्जारज्जू दबला किंवा मणका खचत चालला तरच लागतं.

हायडॅटिड हा कुत्र्याच्या आतड्यातल्या फीतकृमीचा आजार. या कृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली की गाठी बहुतेक यकृतात होतात, त्याखालोखाल फुप्फुसात. हाडात क्वचित, पण हाडात झालाच तर मणका ही त्याची आवडती जागा. यकृतात गाठीभोवती शरीर जाड कवच तयार करतं. हाडात ते होत नाही. त्यामुळे बारीक पुटकुळ्या हाडाच्या पोकळ्यांतून वाट काढत पसरतात. चकती बराच काळ शाबूत राहते. एमआरआयवर द्राक्षाच्या घडासारख्या पातळ भिंतीच्या पिशव्या दिसतात. कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं एमआरआयचं औषध) दिल्यावर टीबीच्या पुवाची कड ठळक उजळते, इथे ती फारशी उजळत नाही. शेजारची बरगडीही कधी कधी धरलेली असते.

खरी गफलत होते ती सुईपाशी. टीबीत सुई घालायलाच हवी. सीटीवर बघून तुकडा घ्या. एक भाग साध्या सलाइनमध्ये सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी), दुसरा फॉर्मॅलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीसाठी (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीसाठी). (सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून पाठवला की कल्चर गेलंच. हे अजूनही होतं, याची चीड येते.) पू काढून टाकला तर पेशंटला आरामच पडतो. हायडॅटिडमध्ये तीच सुई घात करते. पिशवी दाबाखाली असते. भोक पडलं की आतलं पाणी बाहेर येतं, त्यातल्या कृमीच्या प्रत्येक सूक्ष्म डोक्यापासून नवी गाठ होऊ शकते. शिवाय अ‍ॅनाफिलॅक्सिस (जीवघेणी अ‍ॅलर्जी) होऊन पेशंट टेबलावरच कोसळू शकतो. यकृताच्या गाठीत औषधाच्या आडोशाने सुई घालतात, म्हणून मणक्यातही चालेल, हा तर्क चुकीचा आहे.

म्हणून शंका आली की सुईआधी पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे करा. यकृतात गाठ सापडली तर निम्मं कोडं तिथंच सुटतं. रक्ताची एलायझा (हायडॅटिडविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) पाठवा, पण ती निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका. आजार फक्त हाडात असेल तर ती बऱ्याचदा निगेटिव्हच येते. इओसिनोफिल्स (कृमींच्या आजारात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) न वाढणंही काही सिद्ध करत नाही. आणि केवळ रिपोर्टचा कागद नको, फिल्म किंवा सीडी सर्जनच्या हातात द्या.

ऑपरेशनचं तंत्रही वेगळं. टीबीत पू आणि मेलेलं हाड खरवडून काढतात. हायडॅटिडमध्ये पिशव्या शक्यतो न फोडता काढायच्या. मज्जारज्जूवरचा दाब उतरवण्याआधीच जखमेच्या कडा कृमी मारणाऱ्या 20 टक्के तीव्र सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजने झाकून घ्यायच्या. सक्शनची नळी रुंद तोंडाची आणि सुरू ठेवलेली. भूलतज्ज्ञांना आधीच सांगायचं, अ‍ॅड्रेनॅलिन भरून तयार हवं. पिशव्या निघाल्यावर पोकळी तीव्र सलाइनने धुऊन काही मिनिटं तशीच ठेवायची. पण ड्युरा (मज्जारज्जूभोवतीचं आवरण) शाबूत असेल तरच. ती फाटली असेल तर फक्त साधं सलाइन, कारण तीव्र द्रावण मज्जारज्जूला जाळतं. कृमी मारायला म्हणून फॉर्मॅलिन तर मणक्याच्या आसपासही नको. मोठा हाडाचा भाग काढला की स्क्रू-रॉडचा आधार द्यावाच लागतो.

अल्बेन्डाझोल (कृमीवरचं औषध) मोठ्या माणसाला 400 मिग्रॅ दिवसातून दोनदा, स्निग्ध जेवणासोबत. उपाशीपोटी घेतलं तर फार कमी शोषलं जातं. रक्तपेशी आणि यकृताची तपासणी दर 2 आठवड्यांनी. पायातली ताकद जात असेल तर औषध सुरू करा, पण त्यासाठी ऑपरेशन लांबवू नका.

हाडातला हायडॅटिड एका ऑपरेशनने संपला असं धरून चालू नका. पुटकुळ्या हाडात लपून राहतात आणि कित्येक वर्षांनीही डोकं वर काढतात. गोळ्या महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतात आणि एमआरआय ठरावीक अंतराने करावाच लागतो. म्हणून स्क्रू टायटॅनियमचेच घाला. स्टीलभोवती एमआरआयचं चित्र इतकं बिघडतं की परत आलेली गाठ दिसतच नाही.