खुर्ची हलते दोन इंच, मेंदू धावतो चाळीस मीटर

उभी गाडी अर्ध्या 'जी'ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाने, ४ सेकंद वेग घेत राहिली तर ती जवळपास ४० मीटर पुढे गेलेली असते. रेसिंगच्या गेममधला हा झपाटा घरात जसाच्या तसा अनुभवायचा तर खुर्चीलाही तेवढंच पळवावं लागेल. नागपुरातल्या साध्या फ्लॅटमधली खोली असते १० बाय १२ फुटांची. तरीही त्या खोलीत, वायपरच्या दोन मोटारींवर बसवलेली खुर्ची हा वेग अंगाला जाणवून देऊ शकते. मोटारींच्या ताकदीपेक्षा त्याचं श्रेय आपल्या कानाला जास्त आहे.

ऐकण्याच्या यंत्रणेला लागूनच, कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. तिच्यात तीन अर्धवर्तुळाकार नलिका तीन दिशांना बसवलेल्या असतात आणि त्यांत द्रव असतो. पाण्याने भरलेला गंज झटकन फिरवून पाहा: गंज फिरतो, पाणी क्षणभर जागीच राहतं. डोकं वळलं की नलिकांतल्या द्रवाचंही तेच होतं, आणि त्यावरून मेंदूला वळण कळतं. मात्र डोकं फारच सावकाश कललं तर नलिकांना पत्ता लागत नाही. सिम्युलेटर, म्हणजे गाडी किंवा विमान चालवण्याचा आभास देणारी यंत्रं, बनवणारे ही मर्यादा साधारणपणे सेकंदाला ३ अंश धरतात.

सरळ रेषेतलं त्वरण ओळखण्याचं काम वेगळ्या दोन पिशव्यांकडे असतं. त्यांच्यात चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे बसलेले असतात. गाडी पुढे झेपावली की खडे मागे राहतात, खालच्या पेशींचे केस वाकतात आणि मेंदूला संदेश जातो. पण डोकं मागे कललं तरी खडे मागेच सरकतात. या खड्यांना झेपावणं आणि कलणं वेगळं ओळखताच येत नाही. त्वरण आणि गुरुत्वाकर्षण यांचा परिणाम सारखाच असतो हे आइनस्टाइनने १९०७ मध्ये ओळखलं, आणि तेच तत्त्व आपण प्रत्येकजण कानात घेऊन फिरतो. मला तर भौतिकशास्त्रातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून रात्रीचं विमान सुटताना डोळे मिटून बसा. चाकं अजून धावपट्टीवरच असतात, तरी नाक वर उचलल्यासारखं वाटतं.

घरगुती प्लॅटफॉर्म, म्हणजे ही हलणारी खुर्ची, नेमका याच गफलतीवर चालतो. पडद्यावर गाडी वेग घेत असताना खुर्ची हळूच मागे कलवायची, ब्रेक लागला की पुढे, गाडी डावीकडे वळली की उजवीकडे. डोळ्यांना रस्ता सपाट दिसत असतो, म्हणून ते कलणं मेंदू त्वरणाच्या खात्यात जमा करतो. मग खुर्ची परत मधोमध आणायची, पण तीही इतक्या सावकाश की बसणाऱ्याला कळू नये. नाहीतर पुढच्या वळणाला हालचाल शिल्लकच राहत नाही.

हा खटाटोप जुना आहे. अमेरिकेत एडविन लिंक याने १९२९ मध्ये वैमानिकांसाठी हलणारी पेटी बनवली, ती वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातले भाते वापरून. आजच्या मोठ्या सिम्युलेटरखाली दिसणारी सहा पायांची रचना स्टुअर्ट या अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. त्याचा शोधनिबंध १९६५ चा, पण इंग्लंडमध्ये गॉफ या अभियंत्याने टायर तपासण्यासाठी तशीच रचना त्याआधीच उभी केली होती.

घरी सहा पाय लागत नाहीत. इतवारीच्या लोहाओळीतून चौकोनी पाइप आणायचा, जुन्या गाडीची सीट घ्यायची आणि सीटखाली प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस सांधा बसवायचा. तो दोन्ही दिशांना झुकतो, गरगर फिरत नाही. मागच्या बाजूला डावीउजवीकडे एकेक मोटार. दोघींनी सीटची पाठ उचलली की सीट पुढे झुकते, एकीने उचलून दुसरीने ओढली की बाजूला. मोटारीचा दांडा ५ सेंटिमीटरचा आणि क्रॉसपासून अंतर ४० सेंटिमीटर धरलं, तर सीट जास्तीत जास्त सुमारे ७ अंश कलते. हिशेब केला तर हा 'जी'चा आठवा भाग भरतो.

क्रॉस किती उंचीवर असावा, यावर मात्र थांबून विचार करायला हवा. तो खूप खाली असेल आणि ब्रेकसाठी सीट झटकन पुढे झुकली, तर डोकंही झटकन पुढे जातं. खऱ्या गाडीत ब्रेक लागताना डोक्याला मागच्या दिशेचं त्वरण मिळतं. इथे पहिला क्षणभर कानाला नेमका उलटा निरोप जातो, आणि खेळणाऱ्याला मळमळतं. क्रॉस जितका वर नेता येईल तितका हा उलटा झटका कमी होतो. शिवाय बसलेल्या माणसाचं वजन क्रॉसच्या जवळ येतं, म्हणून मोटारीवरचा भारही उतरतो. १० न्यूटन-मीटर बलाघूर्ण देणारी मोटार ५ सेंटिमीटरच्या दांड्यावर जेमतेम २० किलोंचा जोर लावते. तिच्यावर अख्खा माणूस लादायचा नसतो, तोल साधलेल्या माणसाला फक्त कलवायचं असतं.

गेम गाडीच्या त्वरणाचे आकडे सेकंदात कित्येक वेळा बाहेर पाठवतो. संगणक त्यावरून सीटचा कोन ठरवतो आणि आर्डुइनोला, म्हणजे मोटारी चालवणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला, सांगतो. मोटारीच्या शाफ्टला जोडलेला पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवलं की व्होल्टेज बदलणारा भाग, खरी स्थिती कळवतो, आणि आर्डुइनो ती ० ते १०२३ अशा आकड्यात वाचतो. हवी ती स्थिती आणि असलेली स्थिती यांत जेवढा फरक, तेवढा मोटारीला जोर. हे प्रमाण जास्त ठेवलं की सीट थरथरते, कमी ठेवलं की मागे पडते. हालचाल थोडी असली तरी चालते, उशिरा आलेली चालत नाही. त्यामुळे सुरुवातीला कोन कमी ठेवून आधी हा उशीर काढावा.

वायपरची मोटार एका दिशेने फिरत राहण्यासाठी बनलेली असते. सतत उलटसुलट फिरवली की ती तापते, आणि नागपूरच्या मे महिन्यात मोटार ड्रायव्हरला, म्हणजे मोटारीला वीज पुरवणाऱ्या सर्किटला, पंखा लावण्यावाचून गत्यंतर नाही. पोटेन्शिओमीटरची वायर निसटली तर चुकीचा आकडा येतो आणि दांडा पूर्ण जोराने एका टोकाला जाऊन आदळतो. म्हणून आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की मोटार बंद, हे प्रोग्राममध्ये आधी लिहावं, दोन्ही टोकांना दांडा पोचताच मोटार थांबवणारे लिमिट स्विच लावावेत, आणि सगळी वीज तोडणारं लाल बटण बसणाऱ्याच्या हाताशी द्यावं. पहिली चाचणी सीटवर वाळूचं पोतं बांधूनच घ्यावी.