छोटा ट्रक, पण गुरुत्वाकर्षण पूर्ण साइजचं

आरसी क्रॉलर म्हणजे रिमोटवर चालणारा ट्रक, दिसायला खऱ्या फोर बाय फोर गाडीसारखा, पण हा पळवायचा नसतो, दगडधोंड्यांवरून सावकाश चढवायचा असतो. नवीन माणूस यात आला की त्याचा पहिला प्रश्न बहुतेक मोटरचाच असतो, मोठी मोटर टाकली तर जास्त चढेल ना? माझं मत स्पष्ट आहे, मोटरचे पैसे सध्या खिशातच ठेवा. गाडी अडते ती ताकद कमी पडून नाही, एक तर टायर घसरतो नाहीतर गाडी उलटते, आणि या दोन्ही गोष्टींचं गणित शाळेतल्या फिजिक्सच्या पलीकडे जात नाही.

उदाहरणाला ट्रॅक्सासचा टीआरएक्स-४ घेऊ, टेक्सासच्या या कंपनीने तो २०१७ मध्ये लँड रोव्हर डिफेंडर ११० च्या बॉडीत आणला. स्केल १:१० म्हणतात. पण टेप लावून बघा, खऱ्या डिफेंडरच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ११० इंच, म्हणजे २७९४ मिमी, नावातला ११० तिथूनच आलाय, आणि मॉडेलमध्ये ते ३२४ मिमी आहे. भागाकार केला की येतं ८.६. म्हणजे गाडी खरं तर १:८.६ ची निघाली! आता लांबी ८.६ पट कमी झाली की वजन ८.६ चा घन, म्हणजे जवळपास ६४० पट कमी व्हायला पाहिजे. खरी गाडी दोन टनांच्या आसपास, तिला ६४० ने भागलं की ३ किलो आणि थोडं वर. बॅटरीसकट मॉडेल साधारण तेवढंच भरतं.

लांबी कमी झाली, वजन कमी झालं, पण गुरुत्वाकर्षण काही कमी होत नाही, ते ९.८ च्या ९.८ राहतं. म्हणून छोटी गाडी खऱ्या गाडीसारखी हलत नाही. एक मीटरवरून वस्तू पडायला ०.४५ सेकंद लागतात, १० सेंटीमीटरवरून ०.१४. उंची दहापट कमी झाली तर वेळ फक्त ३.१६ पट कमी होतो, कारण वेळ उंचीच्या वर्गमुळावर ठरतो. छोटा ट्रक दगडावरून उतरताना टुणकन उडाल्यासारखा दिसतो तो त्यामुळे, आणि व्हिडिओ तीनपट स्लो केला की तोच ट्रक एकदम दोन टनांचा वाटायला लागतो. पूर्वी सिनेमात मिनिएचर गाड्यांचे शॉट जास्त फ्रेम रेटवर घ्यायचे ते याच हिशोबाने.

याचा एक फायदा पण आहे. सगळी मापं दहापट कमी केली तर वजन हजारपट कमी होतं पण चॅसिसच्या पट्टीच्या छेदाचं क्षेत्रफळ शंभरपटच कमी होतं, म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरवरचा ताण दहापट हलका. म्हणून नायलॉनचे लिंक (अॅक्सलला चॅसिसशी जोडणाऱ्या दांड्या) आणि प्लास्टिकचे अॅक्सल हाऊसिंग (अॅक्सलचं कवच) वर्षानुवर्षं टिकतात, आणि ही गाडी स्वतःच्या उंचीवरून पडली तर झटकून परत चालायला लागते, खरी गाडी तशी पडली तर भंगारात जाईल. तेव्हा फक्त मजबुतीसाठी सगळं मेटल करायची घाई नको.

आता मोटरचं बघू. समजा मोटर मिनिटाला १२ हजार फेरे मारतेय आणि लो गिअरमध्ये एकूण गिअरिंग ४०:१ आहे, तर चाकाला मिळाले ३०० फेरे, टायर १२ सेंमी व्यासाचा असेल तर स्पीड येतो ताशी ६.८ किमी, भरभर चालणाऱ्या माणसाएवढा, पण टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, जवळजवळ चाळीसपट वाढलेला. साडेतीन किलोची गाडी ४५ अंशाच्या चढावर खेचायला चारही चाकांना मिळून दीड न्यूटन-मीटरच्या आत टॉर्क लागतो, म्हणजे मोटरकडून ०.०३५ च्या आसपास, गिअरमधला तोटा धरून दुप्पट समजा. साध्या ५४० साइजच्या (हा मोटरच्या आकाराचा क्रमांक) मोटरला हे जड नाही. त्यापुढची सगळी ताकद चाक जागच्या जागी फिरवण्यात जाते.

मग उलटणं. इथे थोडं थांबून बघण्यासारखं आहे कारण बहुतेक लोक वजन खाली आणायला सरळ पितळेचे पार्ट मागवतात. समजा गाडी ३ किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० मिमीवर, आणि चाकांची रुंदी मध्यापासून दोन्हीकडे १०० मिमी. गाडी आडव्या उतारावर असताना गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा खालच्या बाजूच्या चाकाबाहेर गेला की गाडी पडते, हिशोब केला तर तो कोन ४८ अंश येतो. आता पुढच्या अॅक्सलवर ४०० ग्रॅम पितळ लावलं, नकल (चाक वळतं तो सांधा), पोर्टल कव्हर (चाकाजवळच्या गिअरचं झाकण) वगैरे. गुरुत्वमध्य ८६.५ मिमीवर आला, कोन झाला ४९. एवढा खर्च करून एक अंश! त्याऐवजी टपावरचा रॅक, त्यावरचे जेरीकॅन, लाइट बार, स्टेपनी असं २०० ग्रॅम काढलं तर कोन जातो साडेपन्नासवर. एक पैसा खर्च न करता अडीच अंश. टपावरचं वजन २०० मिमी उंचीवर बसलेलं असतं ना, तिथला प्रत्येक ग्रॅम महाग पडतो.

पण म्हणून पितळ फुकट गेलं असं नाही, त्याची खरी कमाई सरळ चढावर आहे. पुढे-मागे वजन समान असेल तर ही गाडी ६१ अंशाला मागे पलटी खाते, तेच ४०० ग्रॅम पुढच्या अॅक्सलवर असतील तर साडेचौसष्टला. चढावर वजन आपोआप मागच्या चाकांवर जातं आणि पुढची चाकं हलकी होऊन दगडाला धरेनाशी होतात, तिथे पुढचं वजन उपयोगी पडतं. पितळ अॅल्युमिनियमच्या तिप्पट जड, प्लास्टिकच्या सात-आठपट, म्हणून एवढ्याशा जागेत एवढं वजन बसतं, आणि अॅक्सलवर असल्यामुळे बॉडी कलली तरी ते जागेवरच राहतं.

पोर्टल अॅक्सल ही टीआरएक्स-४ ची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. चाकाजवळ दोन गिअर असे बसवलेत की अॅक्सलची नळी चाकाच्या मध्यापेक्षा वर जाते, खाली दगडाला जागा मिळते. आणि शेवटचं रिडक्शन, म्हणजे वेग कमी करून टॉर्क वाढवणं, चाकाजवळच झाल्यामुळे मधल्या शाफ्टवर टॉर्क कमी येतो, म्हणून थ्रॉटल दिल्यावर चॅसिस एका बाजूला पिळल्यासारखं झुकतं ते कमी होतं. डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, रिमोटवरून लॉक करता येतात, पुढचं-मागचं वेगवेगळं. ओपन डिफ दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, त्यामुळे एक चाक हवेत लटकलं की त्याला टॉर्क लागतच नाही आणि जमिनीवरच्यालाही मिळत नाही. लॉक केलं की दोन्ही एकत्र फिरतात, फक्त वळण मोठं घ्यावं लागतं.

टायर मात्र राजा. ४५ अंश चढायला घर्षणाचा गुणांक १ लागतो, ६० अंशाला १.७३. मऊ रबर कोरड्या दगडावर १ च्या पुढे जातं, कारण ते दगडाच्या खडबडीत शिरतं आणि चिकटतंही. आतला फोम इथे फार महत्त्वाचा, हा टायर हवेने फुगवायचा नसतो, रिमला भोक असतं आणि हवा आत-बाहेर करते, गाडीचं वजन फोमच पेलतो. फोम कडक असेल तर टायर दगडाला एका ठिपक्यावर टेकतो, मऊ असेल तर दगडाभोवती बसतो, पण फारच मऊ असला तर आडव्या उतारावर टायरची भिंत दुमडते आणि गाडी कलते, म्हणून आत कडक आणि बाहेर मऊ असा दोन थरांचा फोम चांगला. आपल्याकडे सह्याद्रीचा कोरडा काळा कातळ म्हणजे या टायरला मेजवानी, कोकणातला जांभाही खडबडीत असल्यामुळे छान धरतो. पावसाळ्यात शेवाळ आलं की मात्र रबर आणि दगडामध्ये निसरडा थर येतो, चिकटणं संपतं, आणि तिथे महागातला टायरही घसरतो.

बॅटरीचं एकच सांगतो, लायपोच्या (लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या) प्रत्येक सेलला ३.२ व्होल्टच्या खाली उतरवू नका आणि काही दिवस गाडी बंद राहणार असेल तर ३.८ वर ठेवा.

गाडीत काय बदलायचं हे कळायला एक फळी पुरते. फळीवर सँडपेपर चिकटवा, फोनमधलं कोन मोजायचं अॅप उघडून फोन फळीवर ठेवा, गाडी आडवी उभी करा आणि एक कडा हळूहळू उचला. मग गाडी चढाच्या दिशेने ठेवून तेच करा, गाडी चालू ठेवून, म्हणजे ड्रॅग ब्रेक (थ्रॉटल सोडला की मोटरनेच लागणारा ब्रेक) चाकं धरून ठेवेल. आधी घसरली तर टायर-फोमकडे बघा, आडवी असताना आधी उलटली तर टप हलका करा, आणि चढावर पुढची चाकं उचलली तर पुढच्या अॅक्सलवर पितळ लावा. पुढची दोन चाकं किचनमधल्या वजनकाट्यावर आणि मागची तेवढ्याच उंचीच्या पुस्तकांवर ठेवली की पुढचं वजनही कळतं, ते एकूण वजनाच्या ५५ ते ६० टक्के आलं की पितळ मागवायचं थांबवा.