पुनर्विकासात तुटणारे त्रिकोण

अंबाबाई मंदिर परिसराच्या विकास आराखड्याचा विषय असो किंवा शिवाजी पेठेतल्या एखाद्या मोडकळीस आलेल्या वाड्याचा, कोल्हापुरातली चर्चा भरपाईचा दर, चटईक्षेत्र आणि पार्किंग यांच्यापुढे सहसा जात नाही. पक्के, मोठे, लिफ्टचे घर मिळाले की रहिवासी समाधानी होणारच, असे सगळे धरून चालतात. अमेरिकेतील बॉस्टन शहराची वेस्ट एंड ही वस्ती १९५८ नंतर पाडली गेली, तेव्हा तेथून हलवलेल्या कुटुंबांशी बोलून मानसशास्त्रज्ञ मार्क फ्राइड यांनी १९६३ मध्ये जे मांडले, ते वेगळे होते. अनेकांना आप्त गेल्यासारखा शोक झाला होता आणि ज्यांचा शेजाऱ्यांशी घरोबा अधिक, त्यांचा शोकही अधिक होता.

असे का व्हावे, याचे साधे गणित आहे. समजा, एका वाड्यात २४ बिऱ्हाडे असून सर्वांची एकमेकांशी ओळख आहे. त्यांच्या जोड्या होतात २४ × २३ ÷ २, म्हणजे २७६. चिठ्ठ्या टाकून ही बिऱ्हाडे चार इमारतींत सहा-सहा अशी विखुरली, तर प्रत्येक इमारतीत १५, म्हणजे एकूण ६० जोड्या एकत्र राहतात. जवळपास २२ टक्के. परंतु जोड्यांऐवजी परस्परांना ओळखणाऱ्या तीन-तीन बिऱ्हाडांचे त्रिकोण मोजले, तर २०२४ पैकी केवळ ८० उरतात. हे प्रमाण जेमतेम चार टक्के आहे.

त्रिकोणाचे एवढे महत्त्व कशासाठी? एका काकूंनी शेजारणीला दवाखान्यासाठी दोन हजार रुपये हातउसने दिले, तर त्याचा कागद होत नाही; दोघींनाही रोज नळावर भेटणारी तिसरी बाई हीच त्या व्यवहाराची हमी असते, कारण पैसे बुडवले तर तिच्या तोंडून वाडाभर होईल. भिशी याच भरवशावर चालते. जोडीतला संबंध फोनवर टिकवता येतो, तिसऱ्याची नजर मात्र टिकत नाही.

अहमदाबादेत १९८७ मध्ये ‘सेवा’ या असंघटित कष्टकरी महिलांच्या संघटनेच्या सदस्यांसाठी शहराबाहेरील घरांची सोडत निघाली. घर लागणे केवळ चिठ्ठीवर अवलंबून असल्यामुळे, लागलेल्यांची आणि न लागलेल्यांची तुलना येथे विश्वासार्ह ठरते. चौदा वर्षांनी बार्नहार्ट, फील्ड आणि पांडे या संशोधकांना दिसले, की ३४ टक्के विजेत्या राहायला गेल्याच नव्हत्या आणि ३२ टक्के पुढे घर सोडून गेल्या होत्या. घर सुधारले होते, कुटुंबाचे उत्पन्न वाढले नव्हते आणि अडीनडीला मिळणारा नातेवाइकांचा व जातभाईंचा आधार कमी झाला होता. नव्या फ्लॅटमध्ये मन रमत नाही म्हणून वास्तुदोष काढून दरवाजाची दिशा बदलणाऱ्यांनी, जिन्यात नावाने हाक मारणारी माणसे किती आहेत हे आधी मोजावे.

पेठ सोडून उपनगरात गेलेला कोल्हापूरकर फुटबॉलच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर पेठेतल्या आपल्याच तालमीच्या संघाच्या बाजूने ओरडतो, त्यामुळे येथे नाती तुटत नाहीत असा समज होतो. तालमीचे हे नाते मुख्यतः पुरुषांचे आहे. नळावरचे, उंबऱ्यावरचे नाते बायकांचे असते आणि वाडा पडला की त्याला दुसरी जागा उरत नाही. म्हणून घरांचे वाटप एकेका बिऱ्हाडाच्या चिठ्ठीने न करता, शेजारी राहू इच्छिणाऱ्या सहा-सहा बिऱ्हाडांच्या गटांना मजले देऊन करावे, आणि गट ठरवताना पुरुषांच्या बैठकीवर न थांबता प्रत्येक घरातील बाईला वेगळे विचारावे. सहाच्या गटातले वीसही त्रिकोण तसेच राहतील, आणि ते चिठ्ठीने नव्हे, निवडीने ठरलेले असतील. शिवाय वाड्यातल्या भांडणामुळे ज्यांना आपल्या शेजाऱ्यापासून सुटका हवी आहे, त्यांनाही ती मिळेल.