निकाल चांगला, म्हणजे शिकवणं चांगलं?

‘खासगी शाळेचा निकाल चांगला, म्हणजे तिथलं शिकवणंही चांगलंच’ हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. पालकांना तो पटणं साहजिक आहे, कारण निकाल डोळ्यांना दिसतो. पण त्या निकालात मूल घरून काय घेऊन आलं तेही मिसळलेलं असतं: आईवडिलांचं शिक्षण, घरातली पुस्तकं, शिकवणी. शिवाय काही शाळा प्रवेशावेळीच मुलं निवडून घेतात. १५ वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत सारख्या परिस्थितीतल्या मुलांची तुलना केली, तेव्हा खासगी शाळांची आघाडी बहुतेक ठिकाणी पुसली गेली किंवा बरीच घटली.

पडताळायचं असेल तर शाळेला विचारा: पहिलीतली किती मुलं दहावीपर्यंत टिकली? प्रवेशावेळी कच्ची असलेली मुलं आज कुठे आहेत? माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त मोलाचा, कारण शिक्षकांचं खरं काम तिथेच दिसतं.