भिकार-सावकार खेळणारा पिप

१८६० च्या ऑक्टोबरात चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकाचा खप उतरू लागला होता. दोन पेनी किमतीचं 'ऑल द इयर राउंड' त्याने आदल्याच वर्षी काढलेलं. आधी त्यात त्याची स्वतःची 'अ टेल ऑफ टू सिटीज' चालली, मग विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट'. त्यानंतर चार्ल्स लीव्हर या आयरिश लेखकाची कादंबरी सुरू झाली आणि वाचक गळायला लागले. डिकन्सच्या डोक्यात तेव्हा एक नवी गोष्ट घोळत होती. ती वीस मासिक भागांत सावकाश सोडायची, असा त्याचा बेत होता. तो त्याने मोडला आणि तीच गोष्ट साप्ताहिकात घातली. १ डिसेंबर १८६० ला पहिला हप्ता आला, ३ ऑगस्ट १८६१ ला शेवटचा. एकूण ३६ हप्ते. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' अशी धंद्याच्या अडचणीतून आली, आणि ही अडचण तिच्या पथ्यावरच पडली असं मला वाटतं. मासिक भागांत डिकन्स ऐसपैस पसरतो. इथे पसरायला जागाच नव्हती.

नावाबद्दल थोडं. 'अपेक्षा' म्हटलं की आपल्याला नुसत्या आशा-आकांक्षा आठवतात. त्या काळच्या इंग्रजीत मात्र या शब्दाला पैशाचा वास होता. एखाद्याला 'एक्स्पेक्टेशन्स' आहेत म्हणजे त्याच्या नावे कुठूनतरी इस्टेट यायची आहे. केंटच्या दलदलीतल्या लोहाराघरी वाढलेल्या पिप या पोरक्या मुलाला असंच घबाड मिळतं, आणि देणारा कोण ते त्याला सांगितलं जात नाही.

या गोष्टीचं मूळ १८२४ सालात आहे. डिकन्सचे वडील जॉन हे आरमाराच्या पगार कचेरीत कारकून होते. कर्जापायी त्यांना लंडनच्या मार्शलसी तुरुंगात टाकलं, आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला त्याच सुमारास बूटपॉलिशच्या कारखान्यात लावलं. आठवड्याला सहा शिलिंग, काम डब्यांवर लेबलं चिकटवण्याचं. पुढे कारखाना दुसऱ्या जागी गेला तेव्हा मुलांना उजेडासाठी खिडकीशी बसवत. रस्त्यावरचे लोक थांबून बघत. वडील सुटले, तरी आईचं म्हणणं पोराने कामावर परत जावं असंच होतं. ते आपण कधी विसरलो नाही, विसरणार नाही, विसरू शकत नाही, असं डिकन्सने पुढे लिहून ठेवलं. पण ते कागद त्याने फक्त जॉन फॉर्स्टर या मित्राला दाखवले. डिकन्स १८७० मध्ये वारला आणि फॉर्स्टरचं चरित्र निघालं, तेव्हा कुठे वाचकांना हे सगळं कळलं.

लोकांना कळण्याआधीच त्याने ते दोनदा कादंबरीत वापरून टाकलं होतं. पहिल्यांदा 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये, १८४९-५० साली. तिथे मुलगा निर्दोष आहे, जग वाईट आहे, आणि आपण डेव्हिडसाठी डोळे पुसतो. पिपची गोष्ट लिहायला घेताना, नकळत तेच पुन्हा उतरू नये म्हणून डिकन्सने 'कॉपरफील्ड' मुद्दाम वाचून काढली. पुनरावृत्ती टळली ती एका फरकाने: या खेपेला अन्याय करणारा मुलगाच आहे.

कादंबरीतल्या मिस हॅविशॅम या श्रीमंत बाईच्या वाड्यातला तो पत्त्यांचा डाव घ्या. लग्नाच्या दिवशी नवरा आलाच नाही, म्हणून त्या बाईने सगळी घड्याळं नऊला वीस मिनिटं असताना बंद पाडलेली, अंगावर पिवळा पडलेला नवरीचा वेष. तिथे पिप आणि तिने वाढवलेली मुलगी एस्टेला खेळतात तो खेळ म्हणजे आपला भिकार-सावकार. पिप गुलामाला 'जॅक' म्हणतो, कारण घरी तेच म्हणतात. खानदानी इंग्रजीत तेव्हा 'नेव्ह' म्हणत. एस्टेला त्यावर हसते, मग त्याच्या राठ हातांना आणि जाड बुटांना नावं ठेवते. (मराठीत दोन्हींना गुलामच, त्यामुळे अनुवादकाची इथे पंचाईत होत असणार.) तोवर पिपला आपले हात दिसलेच नव्हते.

पुढे तो लंडनला साहेब होतो आणि त्याला वाढवणारा लोहार, जो गार्जरी, त्याला भेटायला येतो. पैसे देऊन त्याचं येणं टाळता आलं असतं तर मी ते नक्की दिले असते, असं पिप सांगतो. जो अंग चोरून बसतो, हॅट कुठे ठेवावी कळत नाही, ती पुन्हा पुन्हा पडते, आणि मांडीवर खेळवलेल्या पोराला तो 'सर' म्हणतो. निघताना म्हणतो, आयुष्य म्हणजे सांधून सांधून जोडलेल्या ताटातुटीच. हे लोहारालाच सुचावं. घरातून पहिल्यांदा शिकायला शहरात गेलेल्या आणि हॉस्टेलच्या दारात वडील दिसल्यावर इकडेतिकडे बघितलेल्या कोणालाही हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. ही कादंबरी टिकली याचं कारण मी इथेच शोधतो.

ज्या पैशावर ही साहेबी चालते तो मॅग्विच या कैद्याचा, न्यू साउथ वेल्समध्ये मेंढ्या पाळून कमावलेला. त्यामागचा इतिहास खरा आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धामुळे तिकडे कैदी पाठवता येईनात, म्हणून १७७६ मध्ये जुन्या जहाजांचे तरंगते तुरुंग केले. तात्पुरते म्हणून केलेले हे तुरुंग १८५७ पर्यंत राहिले. चॅटममध्ये लहानपण गेलेल्या डिकन्सने ते मेडवे नदीत पाहिलेले. १७८८ पासून कैद्यांची रवानगी ऑस्ट्रेलियाला होऊ लागली. हद्दपारीतून परवानगीशिवाय परतणाऱ्याला १८३४ पर्यंत कायद्याने फाशी होती. मॅग्विच पिपला बघायला येतो तो ही जोखीम घेऊन. चॅटमजवळच्याच कूलिंग गावच्या चर्चजवळ लहान मुलांच्या तेरा दगडी कबरी आजही आहेत. कादंबरीत पिपच्या पाच भावांच्या कबरी येतात त्या यांच्यावरून.

शेवटाची कथा वेगळीच. डिकन्सने आधी लिहिलेला शेवट बुल्वर-लिटन या लेखकमित्राला पसंत पडला नाही. त्याच्या आग्रहावरून डिकन्सने तो बदलला आणि पिप व एस्टेला यांना पडक्या वाड्याच्या आवारातून हातात हात घालून बाहेर काढलं. मूळ शेवट फॉर्स्टरने चरित्रात छापला. नाटककार बर्नार्ड शॉ या मूळ शेवटाच्याच बाजूचा होता आणि १९३७ च्या एका आवृत्तीत त्याने तोच घातला. मीही शॉच्या बाजूचा. त्यात पिप जोच्या लहान मुलाला घेऊन लंडनच्या रस्त्याने चाललेला असतो. एस्टेला गाडी थांबवून त्याला बोलावते. ती दुसऱ्याशी लग्न करून बसलेली आहे. तो पोर पिपचाच असं समजून ती त्याचा पापा घेते. पिप तिची चूक दुरुस्त करत नाही.